लेंड्या : नाहीत

“जेवलात का गं पोरींनो?” काकांनी कपाटाचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि रोजच्या मायेने विचारलं.

आतून उत्तर आलं नाही. येणार तरी कुठून? कपाटात चोवीस बारक्या वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीत, तळाशी गुलाबी पाणी आणि त्याच्यावर जाळीत ठेवलेला नखाएवढा कातडीचा तुकडा, एवढाच ऐवज होता. कातडी माणसाची, पण कुणाच्या अंगावरून सोलून आणलेली नाही. प्रयोगशाळेच्या बाईंनी ती पेशीपेशीने याच कपाटात, अंगाच्या उबेत वाढवली होती.

उत्तर आलं ते मागून. “काका, तुम्ही हे रोज करता?”

काका दचकून वळले. मोठ्या फ्रिजच्या मागे स्टुलावर बाई बसल्या होत्या, मांडीवर वही, डोळे तांबारलेले. दीड महिन्यात कातडीच्या तीन खेपा बुरशी लागून वाया गेल्या होत्या. या कुलूपबंद, धुऊन-पुसून लख्ख केलेल्या खोलीत बुरशी शिरते कुठून, हे शोधायला बाई उजाडल्यापासून तिथे दबा धरून होत्या. चोर आता मुद्देमालासकट समोर उभा होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून सुक्या गवताची काडी डोकावत होती.

“रोज म्हणजे काय,” काका अभिमानाने म्हणाले, “तासातासाला. आणि मी घरी गेलो की पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय.”

“पहारेकऱ्याला? काय सांगून ठेवलंय?”

“अधूनमधून दार उघडून बघत जा म्हणून. एकटं वाटायला नको त्यांना.”

बाईंनी वही मिटली. त्या हसल्या की रडल्या ते काकांना नीट कळलं नाही. बहुधा दोन्ही एकदमच सुरू झालं असावं.

काकांचं हे असं का झालं, ते समजायला एकतीस वर्षं मागे जावं लागतं. कंपनी साबण, शाम्पू, क्रीम आणि केसांचे रंग बनवायची. यातली कुठलीही वस्तू बाजारात जाण्याआधी ती डोळ्यांत गेली तर काय होतं, कातडीला लागली तर फोड येतात का, हे बघावं लागायचं, आणि बघितलं जायचं सशांवर. डोळ्यात थेंब टाकायचा किंवा पाठीचे केस काढून पट्टी लावायची. तीन दिवस वाट बघायची आणि किती लाल झालं त्याला मार्क द्यायचे. त्यासाठी अंगणापलीकडे एक लांबट खोली होती, तिला सगळे ससेघर म्हणायचे. काका तिथले सेवक. झाडलोट, खाणंपिणं, वजनं त्यांच्याकडे, आणि शिवाय सशाला धरणं. या धरण्यात त्यांचा हातखंडा होता. दुसऱ्या कुणाच्या हातात लाथा झाडणारा, नखं मारणारा ससा काकांच्या हातात आला की पाटावर बसवल्यासारखा गप्प व्हायचा. थेंब टाकायला पांढऱ्या कोटातलं कुणीतरी यायचं. त्या वेळी काका भिंतीकडे बघायचे. भिंतीवर कुठल्याशा जुन्या वर्षाचं कॅलेंडर होतं. ते त्यांना तोंडपाठ झालं होतं. त्या वर्षी कुठल्या तारखेला कुठला वार होता हे त्यांना आजही झोपेतून उठवून विचारा.

एकतीस वर्षांत आपण स्वतः एकही थेंब टाकलेला नाही, असं ते मनाशी म्हणायचे. त्याने समाधान व्हायचं नाही, पण म्हणायचे.

सशांना नंबर असायचे. नाव ठेवायचं नाही असा नियम होता, आणि काका नियमाचे पक्के. त्यामुळे नावं ते फक्त तोंडी ठेवायचे, कागदावर नाही. आता उरलेल्या चौदांत एक हवालदार होता, मिशा फेंदारून फिरणारा. एक कारकून होता, पिंजऱ्यातला कागद दिवसभर इकडून तिकडे सरकवणारा. आणि एक मावशी होती. तिला पैदाशीसाठी ठेवलेलं असल्यामुळे ती चार वर्षं टिकली होती. खाणं पाच मिनिटं उशिरा आलं तर ती मागचा पाय असा आपटायची की अख्खी खोली दणाणायची.

कागदावर मात्र रजिस्टर होतं. आधीच्या सेवकाने आखून दिलेले पाच रकाने काका अजून चालवत होते : नंबर, खाणं, पाणी, लेंड्या, शेरा. सशाची तब्येत तोंडावर दिसत नाही, लेंड्यांत दिसते, हे काकांचं सगळ्यात मोठं ज्ञान. शेऱ्याचा रकाना अगदी अरुंद, एकाच शब्दापुरता होता. कारण शेवटी तिथे एकच शब्द लागायचा. ‘संपला.’ ससा असो की मादी, ‘संपला’च.

बाई कंपनीत आल्या तेव्हा सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी त्यांना आपला गुडघा दाखवला होता. बिचाऱ्या बाईंनी तो बघितलाही. मग सांगितलं की त्या तसल्या डॉक्टर नाहीत, कातडी वाढवतात. दवाखान्यात ऑपरेशननंतर जी कातडी उरते ती लोक राजीखुशीने देतात, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करून वाढवल्या की पुन्हा कातडीचा थर तयार होतो. मग त्या थरावर साबण टाका नाहीतर रंग टाका. सशाला विचारायचा प्रश्न थेट माणसाच्या कातडीलाच विचारायचा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि दोनच प्रश्न विचारले होते.

“म्हणजे ही जिवंत आहे?”

“जिवंतच आहे.”

“आणि दुखतं का हिला?”

“नाही काका. दुखायला नसा लागतात, मेंदू लागतो. हिला त्यातलं काहीच नाही.”

“बरं आहे हिचं,” काका म्हणाले होते, आणि एवढ्या लांबलचक सांगण्यातून ‘जिवंत आहे’ हे दोन शब्द त्यांनी घट्ट धरून ठेवले होते. पुढे ससे कमी होत गेले तसं मोठ्या साहेबांनी काकांना अर्धा दिवस बाईंच्या मदतीला दिलं. मग जे जिवंत आहे त्याची विचारपूस नको का करायला? सशांना चारा घालायचा, अंगावरचं गवत झटकल्यासारखं करायचं आणि तसंच येऊन कपाटाचं दार उघडायचं. आतली ऊब जायची, बाहेरची धूळ शिरायची आणि सुक्या गवताच्या बुरशीला नखभर कातडीची आयती मेजवानी मिळायची.

हे सगळं बाईंनी त्यांना स्टुलावर बसवून समजावलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं काकांना वाटलं, कारण पुढचं त्या फार हळू बोलल्या. महिन्याभराने परवाना खात्याचा तपासनीस येणार होता. तो नावं झाकलेल्या बारा बाटल्या आणणार. त्या बाराही वस्तू याच कंपनीने कधी ना कधी सशांवर तपासलेल्या, म्हणजे त्यांची उत्तरं दप्तरात होती. कातडीने तीच उत्तरं दिली तर ससेघर बंद. नाही दिली, तर मोठ्या साहेबांचा केसांचा नवा रंग तयारच होता. त्याला चौदा ससे लागणार होते.

“चौदाच?” काकांनी विचारलं.

“चौदाच.”

“आणि तुमच्याकडे कातडीच्या किती खेपा आहेत?”

“आता लावेन ती शेवटची. पेशी संपल्या.”

काका उठले आणि ससेघरात जाऊन मावशीच्या पिंजऱ्यासमोर उभे राहिले. करायला गेलो काय आणि झालं काय! एकतीस वर्षं मन घट्ट करून, भिंतीकडे बघून काम केलं, तेव्हा ससे गेले. आणि जन्मात पहिल्यांदा अगदी मोकळ्या मनाने माया केली, तर तीही त्यांच्याच मुळावर आली. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मावशीने पाय आपटला तरी ती खाणं मागतेय हे त्यांना पाच मिनिटं कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका बदलले. बाईंनी नियम घालून दिले होते. ससेघरातून आलं की अंघोळ, कपडे बदलायचे, टोपी, मोजे, तोंडाला फडकं. कपाटाला दोन दारं, बाहेरचं पत्र्याचं आणि आतलं काचेचं. सकाळ-संध्याकाळ एकेकदा बाहेरचं उघडून काचेतून बघायचं, काचेला हात लावायचा नाही. बोलायचं असेल तर मनातल्या मनात. पहारेकऱ्याला मुळीच काही सांगायचं नाही.

काकांनी याच्यावर आपल्या दोन अंघोळी वाढवल्या, एक घरून निघताना आणि एक घरी पोचल्यावर. नखं रोज कापायला लागले. साठीला टेकलेला नवरा अचानक दिवसातून तीनदा अंघोळ करतो आणि आरशात नाकाचे केस तपासतो म्हटल्यावर बायकोने चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी भाजी चिरता चिरता विचारलं, “कोण आहे ती?”

“कोण म्हणजे? कातडी,” काका म्हणाले.

सुरी थांबली. मग काकांना सगळं सविस्तर सांगावं लागलं. बुरशी, बारा बाटल्या, चौदा ससे. बायकोने मध्ये एक शब्द काढला नाही. काकांना ते नवीन नव्हतं. ससेघराची गोष्ट निघाली की ती अशीच गप्प व्हायची. कंपनी कामगारांना दर महिन्याला साबणाच्या वड्या फुकट द्यायची, त्या ती शेजारणीला देऊन टाकायची आणि घरात दुकानातला साधा साबण आणायची. तिला तो वास आवडत नाही अशी काकांची समजूत होती.

“मग आता त्या कपाटाकडे नुसतं बघायचं?” तिने शेवटी विचारलं.

“नुसतं बघायचं.”

“जमेल तुम्हाला?”

नुसतं बघणं हे फार अवघड काम असतं. हाताला काहीतरी हवं म्हणून त्यांनी नवं रजिस्टर काढलं आणि त्यात कातडीच्या वाट्यांची नोंद सुरू केली. रकाने आखायचे तर त्यांना एकाच तऱ्हेचे येत होते. ‘वाटी एक. खाणं : पाणी गुलाबी. पाणी : तेच. लेंड्या : नाहीत. शेरा : ठीक.’ अशा चोवीस ओळी, दिवसातून दोनदा. बाईंनी बघितलं आणि हळूच सुचवलं की तो चौथा रकाना गाळला तरी चालेल. काका म्हणाले, “रकाना आहे तर भरावा लागतो, बाई. आज गाळला तर उद्या काय काय गाळू?”

पाण्याचा रंग मात्र बाईंनीच शिकवलेला. गुलाबी म्हणजे पोट भरलेलं. नारिंगी झालं तर लक्ष ठेवायचं. पिवळं म्हणजे आतलं खाणं संपलं, ताबडतोब पाणी बदलायचं. काकांना हे फार आवडलं होतं. ससेसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाहीत.

तपासणीला आठवडा राहिला असताना सलग तीन दिवसांची सुट्टी आली. बाईंची आई पडली होती, पायाचं हाड मोडलं होतं. त्या गावाला जाताना प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्या सहकाऱ्याला पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी पाणी बदलायला दहादा बजावून गेल्या. सहकाऱ्याने दहादा मान हलवली. ज्याची मान फार हलते त्याच्या लक्षात काही राहत नाही, हे बाईंना अजून अनुभवाने कळायचं होतं.

काकांना सुट्टी माहीतच नव्हती. सुट्टीच्या दिवशी काय ससे जेवत नाहीत? पहिल्या दिवशी संध्याकाळी पाणी नारिंगी दिसलं, तेव्हा सहकारी येईलच असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारा घालून, अंघोळ करून त्यांनी पत्र्याचं दार उघडलं आणि काचेतून बघितलं. चोवीसच्या चोवीस वाट्या लिंबाच्या रसासारख्या पिवळ्या पडल्या होत्या.

सहकाऱ्याचा फोन बंद होता. बाईंचा लागला. बाई दवाखान्यात आईच्या उशाशी होत्या, तिथून यायला गाडीने एक दिवस लागत होता. मग बाई म्हणाल्या, “काका, तुम्हीच करा.”

“मी? काचेला हात लावायचा नाही म्हणालात.”

“आता लावायचा.”

पहारेकऱ्याला खोलीबाहेर उभं करण्यात आलं. दाराच्या फटीतून हात आत घालून त्याने फोन उंच धरला, आणि बाई सांगू लागल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी शेळ्यांना उंटाशिवाय दुसरं कोण होतं? हातमोजे घाला. हात स्पिरिटने पुसा. नव्या पाण्याची बाटली कोमट करा, मनगटावर धरून बघा, बाळाच्या दुधासारखी. आता वाट्या बाहेर काढा, गाळलेली हवा सोडणाऱ्या टेबलावर, त्या झोताखाली. ड्रॉपर घ्या.

काकांनी ड्रॉपर उचलला आणि तिथेच थांबले. एकतीस वर्षांत तो त्यांनी हातात धरला नव्हता. या खोलीत कॅलेंडरही नव्हतं.

“काका? ऐकू येतंय ना?”

“येतंय. जरा थांबा.”

मग त्यांनी डावा तळहात पहिल्या वाटीखाली घातला, सशाच्या पोटाखाली घालायचे तसा, आणि त्यांचा हात आपोआप ओळखीच्या जागी गेला. इतकी वर्षं थरथरत्या जिवांना धरून धरून त्या हाताची थरथर कधीच निघून गेली होती. जुनं पाणी हळूच ओढून घ्यायचं, कातडीला धक्का लावायचा नाही, नवं पाणी कडेने सोडायचं. एक वाटी. दोन वाट्या. बाहेर पहारेकरी बाईंचा प्रत्येक शब्द मोठ्याने पुन्हा सांगत होता, जसा काही काकांना फोन ऐकू येत नव्हता, आणि मध्येच “काका, माझा हात अवघडला” हेही त्याच सुरात सांगून गेला. काका कुणाचंच ऐकत नव्हते. ते मनातल्या मनात बोलत होते. नियम तसा होता. झालं गं, झालं. आता झालंच.

चोविसावी वाटी आत ठेवून काचेचं दार लावलं तेव्हा दीड तास होऊन गेला होता. रजिस्टरात त्यांनी वेळ लिहिली, रंग लिहिला आणि मग सवयीने ‘लेंड्या : नाहीत’ लिहिलं. चोवीस वेळा.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच पुन्हा पाणी बदललं, या वेळी उंटाशिवाय.

तपासनीस आला तो आधीच कंटाळलेला, बारीक, खाकरणारा गृहस्थ होता. तीन दिवस त्याच्या देखत बारा बाटल्यांतले थेंब कातडीच्या तुकड्यांवर पडले, धुतले गेले, मोजले गेले. कुणी लाथा झाडल्या नाहीत, कुणाला धरावं लागलं नाही. काका कोपऱ्यात हात बांधून उभे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तपासनीसाने जुन्या दप्तरातली उत्तरं शेजारी ठेवून ताळा लावला. अकरा बाटल्यांचं उत्तर जुळलं. सातव्या बाटलीचं जुळेना. सशांची पाठ तिने भाजली होती आणि कातडी म्हणत होती, मला काही झालं नाही.

मोठे साहेब खुर्चीत ताठ बसले. त्यांचा केसांचा रंग त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा. बाईंचा चेहरा उतरला.

“सुट्टीत कुणी हात लावला होता का याला?” तपासनीसाने विचारलं. “नोंद आहे काही?”

चष्मेवाल्या सहकाऱ्याची मान हलायला लागली. काकांनी पुढे होऊन रजिस्टर टेबलावर ठेवलं. तपासनीस पानं उलटू लागला. दिवसातून दोनदा, चोवीस ओळी, एकही दिवस सुटलेला नाही, सुट्टीतल्या दीड तासाची मिनिटामिनिटाची हकिगत. मग त्याचं बोट चौथ्या रकान्यावर थांबलं. त्याने एक पान वाचलं, दुसरं वाचलं, चष्मा काढून पुसला.

“लेंड्या नाहीत,” तो गंभीरपणे म्हणाला.

“एकही नाही साहेब,” काका म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. पण तपासनीस हसला नाही. असली पूर्ण भरलेली वही आपण नोकरीत दुसरी पाहिली नाही, असं तो म्हणाला, आणि काकांना धीर आला. एरवी मोठ्या साहेबांसमोर ते कधी तोंड उघडत नसत. आज त्यांनी विचारलं, “साहेब, ती सातवी बाटली सशांना कधी लावली होती?”

तपासनीसाने तारीख सांगितली. नऊ वर्षांपूर्वीची. काका ससेघराकडे जवळजवळ धावत गेले आणि जुनं, कोपरे खाल्लेलं रजिस्टर घेऊन धापा टाकत परतले. त्या आठवड्याचं पान त्यांनी उघडून दाखवलं. लेंड्या : पातळ. लेंड्या : पातळ. खोलीतल्या प्रत्येक सशासमोर तेच. त्या आठवड्यात खाद्याचं पोतं भिजकं आलं होतं, सगळे ससे आजारी होते, ओल्या घाणीत लोळून लोळून सगळ्यांच्या पाठी सोलवटल्या होत्या. ज्यांना काहीच लावलेलं नव्हतं त्यांच्यासुद्धा. शेऱ्याच्या रकान्यात कसाबसा मावेल असा एक शब्द होता : ‘सगळेच.’

“मी तेव्हा सांगितलं होतं,” काका म्हणाले, “पण लेंड्यांचा रकाना वर कोण वाचतो?”

खोलीत सगळे गप्प झाले. तपासनीसाने ते पान तीनदा वाचलं. मग लाल पेनाने सातवी बाटली यादीतून काटली आणि खाली लिहिलं की जुनी नोंद विश्वासार्ह नसल्यामुळे ही वस्तू हिशेबात धरू नये. बाकी अकरापैकी अकरा. बाई उठून सरळ बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून पोटभर रडल्या. या वेळी हसू नव्हतं त्यात.

काकांनी घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं. ससेघर बंद होणार. बाईंनी मोठ्या साहेबांकडून लिहून घेतलं होतं की चौदा ससे ज्यांना हवे त्यांना द्यायचे. निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष काका बाईंच्या खोलीत राहणार होते. एक मावशी म्हणून आहे, ती जरा तापट आहे, उशीर झाला तर पाय आपटते, पण आणली तर...

“आणा,” बायको म्हणाली.

काकांना नवल वाटलं. त्यांनी वाद घालायची तयारी करून ठेवली होती. बायकोने त्यांच्याकडे न बघता ओट्यावरचं पाणी पुसलं, फडकं पिळलं आणि म्हणाली, “तो साबण मी घरात का वापरला नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही बोलले नाही. तुम्ही रोज संध्याकाळी यायचात तेच पुष्कळ होतं.”

काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. एकतीस वर्षं ते भिंतीकडे बघत होते आणि ही घरी बसून त्यांच्याकडे बघत होती.

आठवड्याभरात ससेघर रिकामं होत गेलं. हवालदाराला पहारेकऱ्याने नेलं, दोघांचं छान जमलं. कारकून बाईंच्या आईकडे गेला, पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या माणसाला तेवढाच विरंगुळा. बाकीचे कुणाकुणाकडे गेले. चष्मेवाल्या सहकाऱ्यानेही एक मागितला, तो काकांनी दिला नाही.

शेवटच्या दिवशी काकांनी तेरा रिकामे पिंजरे घासूनपुसून स्वच्छ केले. ते भंगारात जाणार होते हे त्यांना ठाऊक होतं. मग मावशीला, सवयीने, पोटाखाली हात घालून उचललं आणि गवत अंथरलेल्या खोक्यात ठेवलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून गुंडाळी करून केराच्या टोपलीत टाकलं. आणि रजिस्टर उघडून बसले.

आठवडाभर पानं तशीच राहिली होती. लिहायला धीर झाला नव्हता. एकेक नंबर लिहायचा, खाणं, पाणी, लेंड्या भरायच्या आणि शेऱ्याशी येऊन थांबायचं. मागच्या पानांवर, त्याच्या मागच्या पानांवर, त्यांच्याच अक्षरात तो एक शब्द खालपर्यंत उतरत गेला होता. तो शब्द लिहिताना हात कधी थरथरला नव्हता. आज पेन नीट टेकेना. काकांना रडू आलं. आलं तर आलं, बघायला मावशीशिवाय होतं कोण?

नवा शेरा दोन शब्दांचा होता आणि रकाना एकाच शब्दापुरता. शेवटी त्यांनी बारीक अक्षरात एक शब्द वर आणि एक खाली, असं दाटीवाटीने लिहिलं : ‘घरी’, त्याखाली ‘गेला’. तेरा वेळा. चौदाव्या ओळीला ‘गेली’.

खोक्यात मावशीने पाय आपटला. पाच मिनिटं उशीर झाला होता.

“निघालो गं,” काका म्हणाले. रजिस्टर मिटून त्यांनी फळीवर ठेवलं, दिवा मालवला आणि खोकं दोन्ही हातांनी धरून बाहेर पडले.